सात टेबलं आणि मधले आठ आठवडे: शाळापूर्व तयारी मेळावा गावात कसा उतरतो

पहिलीत येणाऱ्या लेकरांसाठी जिल्हा परिषदेच्या शाळा एप्रिलमध्ये एकदा आणि जूनमध्ये पुन्हा एकदा शाळापूर्व तयारी मेळावा घेतात. ‘पहिले पाऊल’ या नावानं तो राज्यात 2022 साली सुरू झाला. करोनाच्या काळात अंगणवाड्या बंद राहिल्या आणि अंगणवाडीत कधी न बसलेली पोरं एकदम पहिलीच्या दारात आली, ही त्यामागची निकड होती. ती निकड सरली, तरी मेळावा टिकला, आणि टिकायलाच हवा होता. पालकाला यात एक रुपया लागत नाही. लेकराला काय जमतं ते पाहायचं, घरी काय करून घ्यायचं ते आईला सांगायचं, आठ-दहा आठवड्यांनी पुन्हा पाहायचं, एवढीच रचना आहे. ती भक्कम आहे. मराठवाड्यातल्या बऱ्याच गावांत मात्र मेळाव्याचा दिवस दणक्यात होतो आणि मधले आठवडे कोरडे जातात. या सेवेचा खरा गुण त्या मधल्या आठवड्यांत आहे, म्हणून ते सांभाळले तर काय मिळतं आणि सोडले तर काय हुकतं, हे नीट मांडायला हवं.

टेबलं सात असतात. पहिल्यावर नोंदणी होते आणि लेकराला काय जमतं याची नोंद ठेवायचं विकास पत्र आईच्या हातात येतं. दुसऱ्यावर शारीरिक विकास, तिसऱ्यावर बौद्धिक, चौथ्यावर सामाजिक आणि भावनिक, पाचव्यावर भाषा, सहाव्यावर गणनपूर्व तयारी आणि सातव्यावर पालकांशी बोलणं. हा क्रम बदलू नये. दुसऱ्या टेबलावर लेकरू दोरीवरून उडी मारतं, चेंडू झेलतं, आखलेल्या रेषेवरून चालतं आणि तिथं मोकळं होतं. जागा कमी म्हणून काही शाळा भाषेचं टेबल दाराशीच लावतात. अनोळखी माणसानं आल्या आल्या चित्र दाखवून ‘यात काय दिसतं?’ विचारलं की घरात तोंडाला विश्रांती नसलेलं पोरही आईच्या पदरामागं जातं. मग पत्रावर ‘बोलत नाही’ अशी नोंद पडते आणि ती चुकीची असते.

वेळेचा हिशेब आधी करावा लागतो, आणि तो कुणी करत नाही म्हणून रांग लागते. एका लेकराला एका टेबलावर सहा मिनिटं धरा. 20 लेकरं असली आणि भाषेच्या टेबलावर एकच माणूस बसवला, तर तिथंच दोन तास गेले. साडेसातला सुरुवात केली तर साडेनऊ वाजतात, आणि एप्रिलच्या उन्हात पत्र्याच्या खोलीत त्यानंतर लेकरू बसवणं योग्य नाही. म्हणून पाचव्या आणि सहाव्या टेबलावर दोन-दोन माणसं हवीत, सातव्यावर शक्य असेल तर तीन, कारण आईशी बोलायला सहा मिनिटं पुरत नाहीत. माणसं गावातच मिळतात: सहावी-सातवीतली चुणचुणीत मुलं-मुली, सुट्टीला गावी आलेले कॉलेजचे विद्यार्थी, शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य, अंगणवाडीच्या ताई. त्या समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असाव्यात असं शिक्षण हक्क कायदाच सांगतो. त्या महिला नुसत्या सहीपुरत्या बोलावण्यापेक्षा टेबलावर बसवाव्यात. आदल्या दिवशी अर्धा तास सगळ्यांना एकत्र घेऊन एक लेकरू प्रत्यक्ष तपासून दाखवलं, तर दुसऱ्या दिवशीच्या निम्म्या चुका टळतात. दुसरं टेबल वर्गात किंवा फरशीवर मांडू नका, लिंबाच्या सावलीत मांडा. नऊनंतर फरशीवर अनवाणी पाय ठरत नाहीत.

साहित्य विकत आणायची गरज जवळजवळ नाही. दोन चेंडू, तीन-चार मीटर सुतळी, जुनी वर्तमानपत्रं, खडू, रंगखडूंच्या पाच-सहा पेट्या, मोठे मणी आणि दोरा, वेगवेगळ्या मापांच्या वाट्या-तांबे, आणि मोजायला चिंचोके. चिंचोके मुद्दाम सांगितले. हरभरा, तूर, वाटाणा मोजायला देऊ नये; पाच-सहा वर्षांची पोरं दाणा नाकात किंवा कानात घालतात आणि तो ओलीनं फुगतो. चिंचोका मोठा असतो आणि मुठीत चांगला बसतो. सरकी किंवा सोयाबीन तर बियाण्याच्या पिशवीतलं कधीच घेऊ नका, त्याला औषध चोळलेलं असतं. रंगीत दिसतं म्हणून वर्गीकरणाच्या खेळात ते हमखास येतं. वर्गीकरणाला बांगड्या, बाटल्यांची झाकणं आणि झाडाची पानं पुष्कळ झाली.

सहाव्या टेबलावर सगळ्यात जास्त फसगत होते. लेकरू एक ते वीस घडाघडा म्हणतं, आई समाधानानं बघते, तपासणारा बरोबरची खूण करतो. ते पाठांतर आहे. ताटलीत दहा-बारा चिंचोके ठेवून ‘मला यातले पाच दे’ म्हणा. काही पोरं मूठभर उचलून देतात, काही पाच मोजूनही थांबत नाहीत, पुढं मोजतच राहतात, काही एकाच चिंचोक्याला दोनदा बोट लावतात. या तीन चुका वेगवेगळ्या आहेत. पहिल्याला संख्या म्हणजे नग हेच अजून कळलेलं नाही. दुसऱ्याला शेवटचा म्हटलेला आकडा म्हणजे एकूण नग, हे कळायचं आहे. तिसऱ्याला फक्त एक बोट, एक वस्तू, एक शब्द अशी सवय लागायची आहे आणि ती आठवड्यात लागते. पत्रावर या तिन्हींना खूण एकच पडते, म्हणून बाजूला पेन्सिलीनं चार शब्द लिहिले पाहिजेत. छापील पत्रात टिपणाला पुरेशी जागा नाही, ही या संचातली खरी उणीव.

पाचव्या टेबलाचा प्रश्न तांड्यावर येतो. बंजारा तांड्यावरच्या लेकराची भाषा गोरमाटी. आईला ‘याडी’ म्हणणाऱ्या पोराला मराठीत चित्रवर्णन करायला लावलं तर त्याची भाषा तपासली जात नाही, त्याची मराठी तपासली जाते. इथं तांड्यावरचीच एखादी शिकलेली मुलगी टेबलावर बसवावी, प्रश्न गोरमाटीत विचारावेत, उत्तरही त्याच भाषेत घ्यावं आणि पत्रावर ‘गोरमाटीत छान सांगतो, मराठी थोडी समजते’ असं स्वच्छ लिहावं. जून महिन्यात गुरुजींना हीच ओळ उपयोगी पडते. उर्दू किंवा तेलुगू बोलणाऱ्या घरांबाबतही हेच. तेलंगणाच्या सीमेजवळच्या देगलूर-बिलोलीकडच्या शाळांना हे वेगळं सांगावं लागत नाही.

आणखी एक काम या टेबलांवर सहज होतं, पण ते कुठं लिहिलेलं नसल्यामुळं राहून जातं. लेकरू खेळात असताना त्याच्या पाठीमागून हळू आवाजात नाव हाकारून पाहा. वळलं नाही तर दुसऱ्या कानाच्या बाजूनं पाहा. चित्र डोळ्यांजवळ नेतं का, मणी ओवताना मान एकीकडे कलते का, हेही बघा. शंका आली तर अंगणवाडी ताईंना लगेच सांगा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं, त्यांच्या यादीत नाव जायला हवं. ऐकू न येणारं पोर ‘लक्ष देत नाही’ म्हणून पहिली-दुसरी काढतं, हे फार वाईट होतं.

आता सातवं टेबल आणि त्यानंतरचे आठवडे. एकाच गल्लीतल्या चार ते सहा आयांचा माता गट करायचा, त्यातली एक लीडर माता, आणि दर आठवड्याला एक आयडिया कार्ड. कार्डावर घरात करता येतील अशा सोप्या कृती असतात. मेमध्ये शाळेला सुट्टी, गुरुजी गावी गेलेले, त्यामुळं हे सगळं आयांच्या आणि अंगणवाडी ताईंच्या जिवावर चालतं. इथंच गाडं अडतं. गट कागदावर शाळेच्या हजेरीच्या क्रमानं पाडले जातात: वरच्या आळीतली आई, खालच्या वस्तीतली आई आणि शेतात राहणारी आई एका गटात. त्या आठवड्याला भेटणार कशा? गट घरांच्या अंतरावरून पाडा. ज्या एकमेकींकडं विरजण मागायला जातात त्या एका गटात, ही साधी कसोटी पुरते. लीडर माता सर्वांत शिकलेली असावी असं नाही. जिच्या ओट्यावर बायका तशाही जमतात ती निवडावी. भेटीची वेळ दिवेलागणीनंतरची ठेवावी, कारण दिवसा कुणी हळदीच्या कामावर, कुणी पराट्या वेचायला, कुणी लग्नाला गेलेली असते. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या व्हिडिओवर भरवसा ठेवू नये; घरात एकच मोठा फोन असतो आणि तो दिवसभर बापाच्या खिशात असतो. छापील कार्ड हातात गेलंच पाहिजे.

कार्डावरच्या कृती मराठवाड्यातल्या उन्हाळ्याला चांगल्या जुळतात, फक्त तसं जुळवून सांगणारं कुणी हवं. वाळवणाचे दिवस असतात. बाजेवर कुरडया घालताना एका ओळीत पाच, अशा ओळी लेकराला घालू द्या. पापडाच्या लाट्या लहान-मोठ्या लावणं, भुईमुगाच्या शेंगा फोडणं, ज्वारीतले खडे निवडणं, पिठाचा गोळा मळणं, धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालून कोणते कपडे कुणाचे ते वेगळं करणं. शेंग फोडणाऱ्या बोटांत जी ताकद येते तीच पेन्सिल धरायला लागते. आया जवळजवळ सगळीकडं एकच विचारतात: पाटीवर अ आ इ गिरवून घेऊ का? सातव्या टेबलावरच्या माणसानं याचं उत्तर ठाम द्यावं: बोटं तयार नसताना गिरवून घेतलं तर पोर खडू मुठीत धरायला शिकतं आणि ती पकड पुढं मोडायला महिने जातात. आधी मणी, पीठ, कागदाच्या घड्या, मग रेघोट्या, मग अक्षर. रोज वीस मिनिटं पुरे.

बीड, जालना, परभणी, धाराशिवकडच्या गावांत एका गोष्टीची तजवीज कार्यक्रमाच्या पत्रकात नसली तरी करावीच लागते. ऊसतोडीला गेलेली कुटुंबं दिवाळीच्या आसपास निघतात आणि कारखान्याचा पट्टा पडल्यावर, म्हणजे गाळप संपल्यावर, मार्च-एप्रिलमध्ये परततात. काही टोळ्या मेळावा होऊन गेल्यावर येतात. ज्या लेकरानं पाच-सहा महिने फडाजवळच्या कोपीत (झोपडीत) काढले, अंगणवाडी पाहिलीच नाही, त्यालाच या कार्यक्रमाची सर्वांत जास्त गरज, आणि नेमकं तेच यादीत नसतं. उपाय अवघड नाही. अंगणवाडीच्या आणि आशाताईंच्या यादीवरून बाहेर गेलेल्या घरांची नावं आधीच काढून ठेवा, सात टेबलांचं साहित्य एका गोणीत बांधून ठेवा, आणि टोळी परतल्यावर आठवड्याभरात त्यांच्या वस्तीवर तासाभराचा छोटा मेळावा घ्या. तीन लेकरं असली तरी घ्या. त्या आयांना चालू माता गटात जोडा, वेगळा गट करू नका.

भपक्याबद्दल थोडं. प्रभातफेरी, हलगी, लेझीम, बैलगाडीतून मिरवणूक, रंगात बुडवलेल्या पावलांचे ठसे, हे सगळं लेकरांना आवडतं आणि शाळेत नाव घालायचं ठरवताना आईबापांवर त्याचा परिणामही होतो. पट टिकवायची चिंता खरी आहे, तिला दोष देता येत नाही. पण भाषणं मेळाव्याच्या आधी नकोत. पाहुणे उशिरा येतात, लेकरं तासभर उन्हात बसतात, आणि दुसऱ्या टेबलावर येईपर्यंत पेंगतात. सत्कार शेवटी ठेवा, पाण्याचा जार आणि पेले प्रत्येक दोन टेबलांमागं एक ठेवा.

जूनचा मेळावा पेरणीच्या तोंडावर येतो. मृगाचा पाऊस पडला की आई शेतात, म्हणून तो शाळा उघडल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात, सकाळी लवकर उरकावा. त्या दिवशी नवीन काही शिकवायचं नसतं. एप्रिलचंच पत्र काढून त्याच कृती पुन्हा पाहायच्या आणि दुसऱ्या रकान्यात नोंद करायची. आईनं पत्र घरी नेलेलं असेल तर ते सापडत नाही, पत्र्याच्या पेटीत किंवा चुलीपाशी गेलेलं असतं. म्हणून एप्रिलमध्येच दोन प्रती कराव्यात, एक शाळेच्या फाइलला.

त्या फाइलचं पुढं काय होतं यावर माझा या सेवेबद्दलचा अंतिम शेरा अवलंबून आहे. पहिलीच्या सुरुवातीला खेळांतून शाळेची तयारी करून घेणारा बारा आठवड्यांचा ‘विद्या प्रवेश’ कार्यक्रम असतो. साठपर्यंत पटाच्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक, म्हणजे पहिलीच्या बाईंकडं बहुधा दुसरीही असते. 18 नव्या लेकरांत कोणाची बोटं तयार नाहीत, कोणाला पाच नग देता येत नाहीत, कोणाला मराठी नुसती समजते पण बोलता येत नाही, हे पहिल्याच दिवशी माहीत असलं तर त्यांचे गट लगेच पडतात; नाही तर तेच ओळखायला जुलै उजाडतो. पत्रं वर्गशिक्षिकेच्या टेबलावर आली तर या मेळाव्याला पाचपैकी साडेचार. केंद्रशाळेला फोटो गेले आणि पत्रं कपाटात राहिली तर दोन, आणि तेही माता गटांनी मे महिन्यात केलेल्या कामाचे.

पुढच्या एप्रिलसाठी शाळा व्यवस्थापन समितीनं मार्चच्याच बैठकीत तीन गोष्टी इतिवृत्तात लिहून घ्याव्यात: 31 डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण होणाऱ्या लेकरांची यादी, टेबलावर बसणाऱ्यांची नावं आणि टोळ्या परतायच्या अंदाजे तारखा.