हातातला मीटर की कॅमेऱ्यातला?

सप्टेंबरात कासच्या पठारावर गेंदाची पांढरी फुलं पसरली की कॅमेऱ्यातला मीटर, म्हणजे फोटोसाठी प्रकाश मोजणारा मापक, हमखास फसतो. तो मोजतो वस्तूवरून परत येणारा प्रकाश, आणि समोरचं सगळं साधारण १८ टक्के प्रकाश परतवणारं मध्यम करडं आहे असं धरून चालतो. मग फुलं मळकट येतात. प्रकाश एक-दीड स्टॉप वाढवावा लागतो (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश). मेणवलीच्या घाटावर उलटं: काळा दगड तो उजळून राखाडी करतो.

हातातला मीटर वस्तूवर पडणारा प्रकाश मोजतो. त्याची पांढरी घुमटी कॅमेऱ्याकडे वळवून धरायची, बस्स. फूल पांढरं की दगड काळा, त्याला सोयरसुतक नाही. फुलांत शिरायची गरजही नाही (शिरूच नये!), तुमच्यावर आणि फुलांवर तेच ऊन असलं की पायवाटेवरूनच भागतं.

पण अजिंक्यताऱ्यावर सावलीत उभं राहून खालचं उन्हातलं सातारा शहर टिपायचं, तर हा काय करणार? तिथे कॅमेऱ्यातलाच बरा. ढग पळत असतानाही तोच. शिवाय लेन्सवर फिल्टर लावलाय हे हातातल्याला कळत नाही, हिशेब आपणच करायचा.

मी फिल्मवर काढतो, म्हणून हातातला सोडत नाही. डिजिटलवाल्यांनी हिस्टोग्राम (फोटोतला उजेड-अंधार दाखवणारा कॅमेऱ्यातला आलेख) बघावा आणि पैसे लेन्ससाठी ठेवावेत.