चौदा अक्षरांचा जीएसटी क्रमांक

मी लेखापाल आहे. कुपवाड एमआयडीसीतील एका कारखान्यात सात वर्षे पुरवठादारांची बिले तपासण्याचे काम माझ्याकडे होते, आणि बिलावरचा एखादा आकडा इकडचा तिकडे झाला असेल तर तो माझ्या नजरेतून सुटत नाही, असे तेथील लोक म्हणत. अशी मी मे २०२५ मध्ये एका बनावट नोकरीपायी सहा दिवसांत २४,५५० रुपये घालवून बसले. शिकल्यासवरल्या माणसाने असे फसावे याची लाज अजून गेलेली नाही. पण तीच लाज धरून गप्प बसलेली आणखी दोन माणसे मला सांगलीच्या विश्रामबागेत, माझ्याच गल्लीत भेटली, म्हणून घडले ते सविस्तर लिहीत आहे.

सासूबाईंच्या आजारपणामुळे मी २०१८ मध्ये नोकरी सोडली होती. त्या गेल्यावर आणि मुलगाही जरा सुटा झाल्यावर, जानेवारी २०२५ पासून मी पुन्हा काम शोधू लागले. माझी शोधण्याची रीत अशी, की रात्रीची भांडी आवरली की मोबाईल घेऊन बसायचे, नोकरीच्या संकेतस्थळांवर ‘अकाउंटंट’ हा शब्द टाकायचा आणि समोर येईल त्या जागेसाठी अर्ज करायचा. चार महिन्यांत असे १४० अर्ज झाले. सगळीकडे एकच दोन पानी बायोडेटा गेला, आणि त्यावर मोबाईल क्रमांक, जन्मतारीख, घरचा संपूर्ण पत्ता असे सारे काही छापलेले होते. उत्तरे आली तीन, तीही यंत्राने आपोआप धाडलेली. पैसे कसे गेले हे सांगण्याआधी ही शांतता सांगितली पाहिजे, कारण भामट्यांच्या हुशारीपेक्षा चार महिन्यांच्या त्या शांततेनेच मला अधिक भोळे केले होते.

फोन दुपारी आला. बोलणारी मुलगी अदबीने आणि अस्खलित मराठीत बोलत होती. तिने पुण्याच्या ज्या कंपनीचे नाव सांगितले ती खरोखरच मोठी आणि नावाजलेली आहे. तिचा या प्रकरणाशी काहीही संबंध नसल्याने ते नाव मी येथे घेत नाही. संध्याकाळी व्हॉट्सअॅपवर कॅमेरा बंद ठेवून माझी मुलाखत झाली आणि ती बरोबर अकरा मिनिटे चालली. स्वतःविषयी सांगा, तुमच्या जमेच्या बाजू कोणत्या, पाच वर्षांनी तुम्ही कोठे असाल, एवढेच प्रश्न होते. हिशेबाचा एकही नव्हता. “मॅडम, तुमच्यासारखी अनुभवी माणसंच आम्हाला हवी आहेत,” हे वाक्य ऐकून मला किती बरे वाटले, ते आज आठवले तरी कसेसे होते. दोन तासांत ऑफर लेटर आले. काम घरून, महिन्यातून एकदा पुण्याला जायचे आणि पगार ३८,००० रुपये, म्हणजे माझ्या अनुभवाला सांगली-मिरजेत जे मिळते त्याच्या जवळजवळ दुप्पट.

त्यानंतर पैसे मागितले गेले, तेही पायरीपायरीने. आधी नोंदणीचे १,८५०, मग कागदपत्रांच्या पडताळणीचे ४,२०० आणि पाचव्या दिवशी लॅपटॉपची अनामत म्हणून १८,५००, जी पहिल्या पगाराबरोबर परत मिळणार होती. दर वेळी ‘आज सहाच्या आत’ अशी मुदत असे आणि दर वेळी आधीच्या रकमेची सुबक पावती येत असे, त्यामुळे दिलेले पैसे वाया जाऊ नयेत म्हणून पुढचे द्यावेसे वाटे. यूपीआयने पैसे पाठवताना पडद्यावर कंपनीऐवजी कोणा एका व्यक्तीचे नाव दिसले, तेव्हा मी विचारलेही. “ते आमच्या फायनान्स मॅनेजरचं खातं आहे,” असे उत्तर आले आणि मी पिन टाकला. पुरवठादाराने बिल एका नावाचे आणि बँक खाते दुसऱ्या नावाचे दिले असते, तर मी ते बिल अडवून ठेवले असते. यजमानांना मी यातले काही सांगितले नव्हते. रुजू झाल्यावर एकदमच आनंदाची बातमी द्यायची होती.

सहाव्या दिवशी विम्याचे १२,००० मागितले गेले. तेवढे माझ्याजवळ उरले नव्हते. म्हणून उसने मागायला मी मिरजेला, आमच्या जुन्या कारखान्यातून निवृत्त झालेल्या मुख्य लेखापालांकडे गेले. त्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो. अण्णांनी पैशांविषयी हो-नाही काहीच न म्हणता पावत्या मागितल्या, चष्मा लावला आणि पेनाचे टोक जीएसटी क्रमांकाच्या एकेका अक्षरावर ठेवत मोजायला सुरुवात केली. शेवटच्या अक्षरापाशी पेन थांबले.

“चौदा,” ते म्हणाले. “अगं, मोजलं नाहीस तू?”

जीएसटी क्रमांक पंधरा अक्षरांचा असतो. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७, आणि पुढची दहा अक्षरे पॅनची. हे मला झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येते. अण्णांनी मग ऑफर लेटर उघडले. मूळ वेतन २०,००० आणि भविष्य निर्वाह निधीची कपात १,२५० दाखवली होती. कपात बारा टक्के असते. पूर्ण मूळ वेतनावर धरली तर २,४०० होते आणि १५,००० च्या वेतनमर्यादेवर धरली तर १,८००. १,२५० हा आकडा कोणत्याच हिशेबाने येत नाही. व्यवसाय कराची तर ओळच नव्हती, आणि महाराष्ट्रात एवढ्या पगारातून दरमहा २०० रुपये (फेब्रुवारीत ३००) कापले जातातच. पत्र आले होते तो ईमेल पत्ता कंपनीच्या नावाला ‘करिअर्स’ हा शब्द जोडून बनवलेला होता. कंपनीच्या खऱ्या संकेतस्थळाचा पत्ता निराळाच होता. खरे-खोटे करायला दहा मिनिटेही लागली नसती. जीएसटीच्या संकेतस्थळावर क्रमांक टाकला की करदात्याचे नाव दिसते, कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कंपनीचे नाव टाकले की तिचा २१ अक्षरी नोंदणी क्रमांक आणि नोंदणीकृत पत्ता मिळतो, आणि तेथून कंपनीच्या कार्यालयाचा दूरध्वनी शोधून थेट विचारता येते. अण्णांनी तो फोन लावलाच. अशी कोणतीही भरती चालू नसल्याचे आणि असेच विचारणारे आणखीही फोन आल्याचे तिकडून सांगण्यात आले.

त्याच संध्याकाळी मी १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. तेथे प्रत्येक व्यवहाराचा क्रमांक, तारीख, वेळ आणि रक्कम विचारतात, तेव्हा हे सारे कागदावर उतरवूनच फोन करावा. आणि मुख्य म्हणजे वेळ दवडू नये, कारण गेलेला पैसा काही तासांत एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या खात्यात सरकतो. माझ्या पैशांपैकी ३,१०० रुपये एका खात्यात गोठवले गेले. बाकीचे तोवर पुढे गेले होते. आधार, पॅन आणि रद्द केलेला धनादेश मी आधीच पाठवून बसले होते, त्यामुळे संचार साथी पोर्टलवर माझ्या नावावर किती सिमकार्डे आहेत ते पाहिले, आधारचे बायोमेट्रिक कुलूपबंद केले आणि माझ्या नावे कोणी कर्ज उचलले नाही ना, हे पाहण्यासाठी क्रेडिट रिपोर्ट मागवला. तो वर्षातून एकदा विनामूल्य मिळतो. पंधरा दिवसांनी ‘तुमचे बुडालेले पैसे परत मिळवून देतो, फक्त ९९९ रुपये फाइल शुल्क’ असा आणखी एक फोन आला. फसलेल्यांच्या याद्याही बहुधा विकल्या जात असाव्यात.

अण्णा रागावले ते वेगळ्याच कारणावरून. “दीडशे ठिकाणी अर्ज टाकलेस, त्यातल्या किती कंपन्या काय बनवतात ते तुला ठाऊक होतं?” असे त्यांनी विचारले आणि माझ्यापाशी उत्तर नव्हते. ज्या शोधात आपण कोणाकडे अर्ज केला हेच आपल्याला आठवत नाही, त्या शोधात कोणीही फोन करून ‘तुमचा अर्ज मिळाला’ असे म्हणू शकतो. माझी ही ढिलाईच भामट्यांच्या पथ्यावर पडली होती.

त्यांनी मला दोनशे पानी वही आणायला लावली. संकेतस्थळांवरचा बायोडेटा मी काढून टाकला आणि वहीत बत्तीस ठिकाणे लिहिली: कुपवाड, मिरज आणि पलूस येथील कारखाने, विश्रामबागेतील सीएंची कार्यालये, मार्केट यार्डातल्या हळदीच्या पेढ्या, तासगावकडील बेदाण्याची शीतगृहे. प्रत्येक नावासमोर तेथे काय तयार होते किंवा विकले जाते, हिशेब कोण पाहतो आणि आपल्या ओळखीचे तेथे कोण आहे, हे तीन रकाने भरल्याशिवाय अर्ज करायचा नाही, असा दंडक होता. एक रकाना भरायला कधी कधी दोन दिवस लागत. पण जो पत्ता मी स्वतः पाहून आले, त्या पत्त्याच्या नावाने मला कोणी फसवणे कठीण होते.

वेळेचेही गणित असते, आणि ते मला माहीत असूनही मी कधी वापरले नव्हते. जीएसटीच्या मासिक विवरणपत्रांपैकी विक्रीचा तपशील देणाऱ्या जीएसटीआर-१ ची मुदत ११ तारखेला आणि कर भरण्याच्या ३बी ची २० तारखेला संपते. त्या दिवसांत हिशेबखात्यात कोणाला मान वर करायला फुरसत नसते. मी २१ नंतर जाऊ लागले आणि लोक बसा म्हणू लागले.

बायोडेटा एका पानावर आणला. घरचा पत्ता आणि जन्मतारीख काढली, आणि सात वर्षांचा खंड लपवण्याऐवजी एका ओळीत सरळ लिहिला. खरी अडचण खंडाची नव्हतीच, त्या काळात बदललेल्या कामाची होती. मी नोकरी सोडली तेव्हा मालवाहतुकीसाठी ऑनलाइन काढायचे ई-वे बिल नुकतेच सुरू झाले होते, टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरची जुनी आवृत्ती चालत होती, आणि ई-इन्व्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवायचे बिल, तर नव्हतेच. आता पाच कोटींवरील उलाढालीला ते बंधनकारक आहे. ओळखीच्या एका कर सल्लागारांकडे महिनाभर बसून मी हे सारे हाताखालून घातले. जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्राच्या महास्वयम् पोर्टलवर नोंदणीही केली. तिला एक पैसा लागला नाही.

जुलैत एका कारखान्यात पहिली खरी मुलाखत झाली. मालकांनी माझ्यापुढे एका पुरवठादाराचा खातेउतारा ठेवला आणि विचारले, “ह्यातली तीन बिलं टू-बी मध्ये दिसत नाहीत. काय कराल?” टू-बी म्हणजे पुरवठादारांनी भरलेल्या माहितीवरून जीएसटीच्या संकेतस्थळावर तयार होणारा आपल्या खरेदीचा उतारा. मी अर्धेच उत्तर देऊ शकले आणि ती जागा गेली. तरीही बाहेर पडताना मला हलके वाटत होते, कारण एवढ्या महिन्यांत प्रथमच कोणीतरी मला माझ्या कामाविषयी विचारले होते.

ऑगस्टच्या शेवटी मिरजेच्या एका फाउंड्रीत, यादीतील एकोणिसाव्या ठिकाणी, माझी निवड झाली. पगार २१,००० रुपये. रुजू होण्याच्या दिवशी कार्यालयातील गृहस्थांनी भविष्य निर्वाह निधीचा माझा जुना यूएएन क्रमांक, पासबुकाची प्रत आणि आधार मागितले, कागद फाइलला लावले आणि सही घेतली. मी उठले नाही. माझ्या तोंडून निघून गेले, “आणि भरायचं काही आहे का?”

त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिले. “कशाचं?”