ह्यूस्टनच्या मड डिस्ट्रिक्टमध्ये वर्षभर राहिल्यावर: पाणी चोख, कर जड, सूचना मात्र वाचाच

आमचा पत्ता ह्यूस्टनजवळच्या केटीचा. पण केटी शहराचं पाणी आम्हाला येत नाही, कचऱ्याची गाडी येत नाही, सांडपाणीही तिकडे जात नाही. हे सगळं बघतो म्युनिसिपल युटिलिटी डिस्ट्रिक्ट, म्हणजे मड. ह्यूस्टनच्या आसपास शहरांच्या हद्दीबाहेर असे शेकडो डिस्ट्रिक्ट आहेत आणि नवं घर घेणारी बरीचशी मराठी मंडळी त्यातल्याच एखाद्यात जाऊन पडतात. एचओए, म्हणजे वस्तीतल्या घरमालकांची संघटना वेगळी, मड वेगळा. एचओए तुमच्या कुंपणाचा रंग बघते. मड हे कर बसवणारं छोटं सरकारच आहे, निवडून आलेल्या पाच संचालकांचं. २०२४ च्या वसंतात आम्ही इथे राहायला आलो. तेव्हापासून वादळ, बर्फ, कडक उन्हाळा सगळं बघून झालं, म्हणून हा अनुभव लिहितोय.

आधी पैशाचं. पाण्याच्या टाक्या, नळ, गटारं, पावसाचं पाणी साठवायची तळी हे सगळं सुरुवातीला बिल्डरच्या पैशातून होतं. मग डिस्ट्रिक्ट बॉंड, म्हणजे कर्जरोखे, काढून बिल्डरचे पैसे फेडतो आणि ते बॉंड आपण प्रॉपर्टी टॅक्समधून फेडतो. त्यामुळे वस्ती जितकी नवी, तितका दर चढा. घराच्या मूल्यांकनातल्या दर शंभर डॉलरमागे एक डॉलर किंवा त्याहूनही जास्त दर नव्या वस्त्यांत दिसतो. चार लाखांच्या घराला एक डॉलरच्या दराने वर्षाला चार हजार झाले, आणि हा आकडा शाळा आणि काउंटीच्या (म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या) करांशिवायचा. टेक्सासमध्ये राज्याचा आयकर नाही म्हणून नाचत येणाऱ्यांनी हे गणित आधी मांडावं. आमच्याकडे मडच्या कराचं बिल काउंटीच्या बिलापासून वेगळं येतं. दोन्हींची मुदत ३१ जानेवारी. गृहकर्जाच्या हप्त्याबरोबर करासाठी पैसे बाजूला ठेवतात त्या एस्क्रो खात्यातून बँक दोन्ही भरते की एकच, हे डिसेंबरातच फोन करून विचारा.

महिन्याच्या बिलात पाण्याच्या आकारापेक्षा मला जास्त खटकली ती वॉटर अथॉरिटीच्या शुल्काची ओळ. ती का आहे हे समजल्यावर राग थोडा निवळला. इथे अनेक दशकं जमिनीखालचं पाणी इतकं उपसलं गेलं की जमीनच खचायला लागली. म्हणून १९७५ मध्ये हॅरिस-गॅल्व्हस्टन सबसिडन्स डिस्ट्रिक्ट स्थापन झाला आणि हळूहळू बोअरचं पाणी कमी करून नदी-तलावाचं पाणी आणायचं ठरलं. ते पाणी आणणाऱ्या वॉटर अथॉरिटीच्या मोठ्या जलवाहिन्यांचा खर्च दर हजार गॅलनमागे आपल्या बिलात उतरतो. सबसिडन्स डिस्ट्रिक्ट, वॉटर अथॉरिटी, मड, काउंटी... पुण्यात एका महापालिकेला नावं ठेवायची सवय असलेल्या माणसाला इथे नेमकी कोणाला नावं ठेवायची तेच कळत नाही.

पाणी मात्र उत्तम. दाब कधी कमी वाटला नाही. जुलै २०२४ मध्ये बेरिल वादळ आलं, ह्यूस्टन परिसरात वीस लाखांहून जास्त जोडण्यांची वीज गेली, आमचीही गेली. नळाला पाणी होतं. डिस्ट्रिक्टच्या वॉटर प्लांटवर जनरेटर आहेत. २००८ च्या आइक वादळानंतर हॅरिस आणि फोर्ट बेंड काउंटीत वीज नसतानाही पाण्याचा दाब टिकवायची योजना कायद्यानेच करावी लागते, त्याचा हा फायदा. त्या उकाड्यात दोन वेळा थंड पाण्याने अंघोळ करता आली, एवढ्या एका गोष्टीसाठी मी या डिस्ट्रिक्टला बरेच गुण देईन.

खरी किंमत कळली ती थंडीत. २१ जानेवारी २०२५ ला ह्यूस्टनला चक्क बर्फ पडला. आदल्या दिवसांत व्हॉट्सअॅपवर सल्ल्यांचा पूर: नळ ठिबकत ठेवा, सगळे नळ ठिबकत ठेवा. डिस्ट्रिक्टचा मेसेज नेमका उलटा होता. घराघरांत नळ वाहत राहिले तर टाक्या रिकाम्या होतात आणि सगळ्यांचाच दाब पडतो. फेब्रुवारी २०२१ च्या गोठवणाऱ्या वादळाने हे दाखवून दिलं. दाब २० पीएसआयच्या (दर चौरस इंचाला २० पौंड) खाली गेला की पाणी उकळून प्यायची सूचना निघते. त्यांचं म्हणणं, बाहेरचे नळ आणि उघडे पाइप गुंडाळा, आणि फारच गोठणार असेल तर घराचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करून वरचे-खालचे नळ उघडून पाइप रिकामे करा. इथल्या घरांत पाइप बऱ्याचदा माळ्यावरून जातात, फुटले तर थेट छत खाली येतं. मुख्य व्हॉल्व्ह कुठे आहे ते घरातल्या सगळ्यांना माहीत हवं; आमच्याकडे तो बाहेरच्या भिंतीशी, बागेच्या नळाजवळ आहे. रस्त्याकडेची मीटरची पेटी डिस्ट्रिक्टची, तिथे पकड घेऊन जाऊ नका. बागेच्या स्प्रिंकलरचं पाणी नळाच्या पाण्यात उलटं शिरू न देणारं पितळी बॅकफ्लो उपकरण जमिनीवर उघडंच उभं असतं, गोठण्यात त्याचा नंबर पहिला. त्यासाठी शिवलेली जाड पिशवी हार्डवेअरच्या दुकानात मिळते. नोव्हेंबरातच घ्या, थंडीची बातमी आली की शेल्फ रिकामं.

उकळायची सूचना आलीच तर पाणी खळखळा उकळायला लागल्यापासून दोन मिनिटं. फ्रिजच्या आइसमेकरमधला बर्फही फेकायचा, हे बहुतेक जण विसरतात.

दिवाळीबद्दल एक खास सूचना, जी डिस्ट्रिक्ट देत नाही. ते थँक्सगिव्हिंगला टर्की तळायच्या तेलावर पत्रक काढतात, पण आपल्या चकल्या-शंकरपाळ्या तोवर होऊन गेलेल्या असतात. तळणीचं तेल सिंकमध्ये ओतलं की ते पाइपात थिजतं आणि घरापासून मुख्य गटारापर्यंतची दुरुस्ती मालकाच्या खिशातून होते. थंड झाल्यावर रिकाम्या बरणीत भरून कचऱ्यात टाका. तूप कढवल्यावरची बेरीही तशीच. आणि घरामागचं सुंदर तळं म्हणजे पुराचं पाणी धरणारा डिटेन्शन पाँड, गणपती विसर्जनाचा घाट नव्हे. आम्ही शाडूची मूर्ती बादलीतच विसर्जित करतो.

उन्हाळ्यात बिल फुगतं ते हिरवळीमुळे. स्प्रिंकलर पहाटे चालतो, त्यामुळे तुटलेलं तोंड आठवडेच्या आठवडे कोणाला दिसत नाही. महिन्यातून एकदा दिवसाढवळ्या प्रत्येक झोन चालवून बघा. पण पाणी पूर्ण तोडूही नका. इथली चिकणमाती सुकली की आकसते, पाया हलतो आणि भिंतींना तिरक्या भेगा पडतात. पायापासून फूट-दीड फुटावर पाझरणारी नळी टाकून माती सारखी ओलसर ठेवणं परवडतं. याच सुमारास कधी पाण्याला तरणतलावासारखा वास येतो: जंतू मारायला एरवी वापरतात ते क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग) थांबवून काही आठवडे साधं क्लोरीन वापरतात, पाइप स्वच्छ राहावेत म्हणून. प्यायला अडचण नाही. घरात मासे किंवा डायलिसिसचा रुग्ण असेल तर मात्र ती सूचना नीट वाचा.

तक्रारी आहेतच. रोजचं काम बघणारी ठेकेदार कंपनी आणीबाणीत झटकन येते, पण बिलाबद्दल विचारायला फोन केला की बराच वेळ संगीत ऐकावं लागतं. अलर्ट आपोआप येत नाहीत, नाव नोंदवावं लागतं, आणि हे नव्या मालकाला कोणी सांगत नाही. सर्वात चीड येते ती बैठकांची. बैठका सर्वांना खुल्या, पण भरतात कामाच्या दिवशी दुपारी बाराला, वस्तीपासून लांब वकिलांच्या ऑफिसात. तिथे कराचा दर ठरतो आणि समोरच्या खुर्च्या रिकाम्या.

घर बघत असाल तर करार करण्यापूर्वी विक्रेत्याकडून मडची नोटीस मागून घ्या, ती देणं कायद्याने बंधनकारक आहे. त्यात चालू दर असतो, मतदारांनी मंजूर केलेल्या बॉंडची रक्कम असते आणि आतापर्यंत विकलेल्या बॉंडची रक्कमही. शेवटच्या दोन आकड्यांत मोठी दरी असेल तर अजून बरंच कर्ज निघू शकतं; एजंट काहीही म्हणो, दर लवकर उतरेल असं धरून हप्त्याचं गणित मांडू नका.