ऑइल पेंट: नेरूळच्या एका पावसाळ्यानंतर

आमचं घर नवी मुंबईत नेरूळला, पाम बीच रोडच्या बाजूला. खाडीवरून येणाऱ्या खाऱ्या, दमट हवेत लोखंडाला गंज चढायला वेळ लागत नाही. डिसेंबरात बाल्कनीची ग्रिल आणि आतले लाकडी दरवाजे ऑइल पेंटने रंगवून घेतले. आता पावसाळा सरलाय, म्हणून सविस्तर लिहितेय.

दरवाजांवरून हात फिरवला तर अजूनही ब्रशची रेघ लागत नाही. ग्रिलचे उभे गज स्वच्छ आहेत. खालच्या आडव्या पट्टीच्या वेल्डिंगच्या सांध्यांतून मात्र तांबूस ओघळ येऊ लागलाय. तिथे वायर ब्रश आत पोचत नाही आणि पाणी साचून राहतं.

हे यश रंगाच्या डब्याचं कमी, घासकामाचं जास्त. निम्म्याहून अधिक वेळ त्यातच गेला. सुटलेले पोपडे पत्रीने (खरवडायच्या पात्याने) काढले, गंज वायर ब्रशने आणि 80 नंबरच्या घासायच्या पेपरने (नंबर जितका मोठा तितका पेपर बारीक) घासला, थिनरच्या फडक्याने पुसून त्याच दिवशी रेड ऑक्साइड, म्हणजे लोखंडाचा गंजरोधक प्रायमर मारला. इथल्या हवेत उघडं लोखंड रात्रभर ठेवलं की सकाळी पुन्हा लालसर होतं. दरवाजांना आधी वुड प्रायमर (रंगाआधीचा अस्तराचा हात), मग लांबी (खाचा भरायची पुट्टी), ती सुकल्यावर 180 आणि शेवटी 320 नंबरचा पेपर. लांबीवर पुन्हा प्रायमर हवाच. नाहीतर लांबी वरचा रंग शोषते आणि तेवढाच भाग निस्तेज दिसतो. ‘त्याची गरज नाही’ म्हणणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका.

दरवाजांवरचा जुना रंग पाणी मारून ओलाच घासला. भारतात घरगुती रंगातल्या शिशावर 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा नोव्हेंबर 2017 पासून लागू झाली. त्याआधीच्या थरांत शिसं बरंच जास्त असू शकतं आणि कोरडं घासलं की ते धुळीतून नाकात जातं. लहान मुलं असतील तर ही काळजी घ्याच.

रंगाचे दोन पातळ हात दिले, मधे एक रात्र सुकू दिलं आणि हलकं घासलं. एकच जाड हात मारला की वर साय धरते, आतला रंग ओला राहतो आणि सुरकुत्या पडतात. पावसाळ्यात तर हे काम काढूच नये. दमट हवेत रंग लवकर सुकत नाही, चमकही मरते.

माझी खरी तक्रार पांढऱ्या रंगाची आहे. बेडरूमच्या दरवाजाच्या ज्या बाजूवर उजेड पडत नाही, तिथे तो आत्ताच पिवळसर दिसतोय. अंधारात ऑइल पेंट असाच पिवळा पडतो. वासही बरेच दिवस घरात रेंगाळला. पुढच्या वेळी आतल्या दरवाजांना पाण्यात मिसळणारा इनॅमल रंग, ग्रिलला मात्र पुन्हा हाच.