डिशला लेप कशाचा: पॉलि-लायसिन की फायब्रोनेक्टिन?

प्रयोगशाळेत पेशी वाढवायच्या डिशच्या तळाला, त्या घट्ट बसाव्यात म्हणून, लेप देतात. पॉलि-लायसिन (लायसिन या अमिनो आम्लाची साखळी) आणि फायब्रोनेक्टिन (पेशींभोवतीच्या जाळीतलं प्रथिन), दोन्हींवर पेशी चिकटतात, पण चिकटण्यात फरक आहे. पॉलि-लायसिनचा धनभार पेशीच्या ऋणभारित पृष्ठभागाला नुसता ओढून धरतो. फायब्रोनेक्टिनवर मात्र पेशीच्या पृष्ठभागावरचं इंटिग्रिन हे प्रथिन त्यातला आरजीडी हा तीन अमिनो आम्लांचा तुकडा पकडतं, फोकल अ‍ॅढिजन कायनेज हे पेशीतलं एन्झाइम जागं होतं आणि बाहेरची खबर आत पोचते.

माध्यम (पेशींचं पोषक द्रव) बदलताना एचईके-२९३ या मानवी मूत्रपिंडाच्या पेशींचे पापुद्रे सुटत असतील, तर पॉलि-लायसिन पुरे. स्वस्तही पडतं. ५० मायक्रोग्रॅम प्रति मिली, तासभर; मग निर्जंतुक पाण्याने तीनदा धुऊन वाळवा. धुण्यात आळस नको, सुटं राहिलेलं पॉलि-लायसिन पेशी मारतं.

आत पोचणारे हे संकेत अभ्यासायचे तर फायब्रोनेक्टिनच घ्या: चौरस सेंटिमीटरला १ ते ५ मायक्रोग्रॅम, ३७ अंशांवर तासभर. व्हॉर्टेक्स यंत्रावर जोरात घुसळलंत तर गुठळ्या होतात. हा लेप वाळूही देऊ नका.

खरी फसगत माध्यमात घालतात त्या सीरममुळे (रक्तातला द्रव) होते. त्यात फायब्रोनेक्टिन आणि व्हिट्रोनेक्टिन हे तसंच चिकटवणारं प्रथिन आधीच असतं, म्हणून दोन्ही डिश सारख्याच दिसू लागतात. तुलना सीरमविना करा. पेशी सोडवायला वापरलेलं ट्रिप्सिन हे एन्झाइमही सीरमऐवजी सोयाबीनच्या इनहिबिटरने (रोधकाने) थांबवा. पॉलि-लायसिनवर पेशी बसल्या, फायब्रोनेक्टिनवर नाहीत, तर आधी ट्रिप्सिनसोबतच्या उरलेल्या ईडीटीएवर संशय घ्या: ते मॅग्नेशियम बांधून ठेवतं, आणि मॅग्नेशियमविना इंटिग्रिनची पकड बसत नाही.