सिटी ऑफ हीरोज होमकमिंग : कृष्णविवर, उलटा पैलवान आणि बाकी मंडळी

आधीच सांगतो, नुसता मारामारीचा गेम म्हणून हा आज कुणाला घ्यायला सांगणार नाही. चित्रं जुनी, तीच ती गोदामं, तेच ते गुंड. पण विज्ञानकथा वाचून डोक्यात जे काही घर करून बसलेलं असतं, त्याला हातपाय, कपडे आणि शक्ती देऊन रस्त्यावर फिरवायचं असेल तर याच्या तोडीचं मला दुसरं काही मिळालेलं नाही. पावसाळ्याच्या तोंडाला खातं उघडलं, आता संक्रांत झाली. राजारामपुरीतल्या आमच्या घरात रात्री जेवणं उरकली की अजूनही लॅपटॉप उघडतोच.

माहीत नसलेल्यांसाठी थोडं. आपला स्वतःचा सुपरहिरो बनवून इंटरनेटवर इतरांसोबत खेळायचा हा गेम. क्रिप्टिक स्टुडिओजनं बनवलेला, एनसीसॉफ्ट कंपनीनं एप्रिल २००४ मध्ये आणला आणि ३० नोव्हेंबर २०१२ ला सर्व्हरच बंद केले. २०१९ मध्ये चाहत्यांनी तो पुन्हा उभा केला, त्यातलाच एक गट म्हणजे होमकमिंग. जानेवारी २०२४ मध्ये एनसीसॉफ्टनं त्यांना रीतसर परवाना दिला, त्यामुळं आता चोरून खेळतोय असं वाटायचं कारण उरलं नाही. खेळायला पैसे पडत नाहीत. सर्व्हरचा खर्च वर्गणीतून भागतो, आणि ठरलेला आकडा भरला की वर्गणी घेणं बंद! आमच्या पेठेतल्या मंडळांनी हे एकदा बघावं. गेम जुना असल्यामुळं वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या माझ्या लॅपटॉपवरही कुरकुर न करता चालतो.

आता मुख्य गोष्ट, पात्र बनवणं. सुरुवातीला पाच उगमांतून एक, म्हणजे शक्ती आली कुठून ते, निवडायचं असतं: विज्ञान, तंत्रज्ञान, जादू, म्युटेशन आणि नॅचरल. विज्ञानकथावाला माणूस इथंच अर्धा तास अडकतो. अडकू नका, पुढच्या खेळात त्यानं फारसा फरक पडत नाही. खरं वजन आहे ते पात्राच्या वर्गाला, म्हणजे लढाईतल्या त्याच्या भूमिकेला, आणि त्याच्या दोन शक्तिसंचांना. आणि नवीन माणूस नेमका तिथं घाई करून थेट कपड्यांवर जातो. माझं मत उलटं आहे. आधी पात्राचा नियम ठरवावा, म्हणजे त्याला काय जमतं आणि त्याच कारणामुळं काय जमत नाही. मग शक्ती, आणि कपडे सगळ्यात शेवटी. चांगल्या विज्ञानकथेतही हेच असतं. एक गृहीत धरायचं आणि त्याची किंमत पात्राकडून पुरेपूर वसूल करायची.

माझी बहुतेक पात्रं नारळीकरांच्या कथांवर पोसलेली आहेत. जयंत नारळीकर जन्मानं आपल्या कोल्हापूरचे, १९३८ चे. मे २०२५ मध्ये ते गेले तेव्हा घरातली त्यांची पुस्तकं पुन्हा बाहेर काढली, आणि हा सगळा उद्योग तिथूनच सुरू झाला. त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या टोपणनावानं मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला धाडली होती आणि ती पहिली आली, हे जुन्या वाचकांना ठाऊक असेलच. मी कथेतला माणूस उचलला नाही, फक्त कल्पना घेतली: गुरुत्वाकर्षण जबर असेल तिथं घड्याळ मंद चालतं.

गेममध्ये यासाठी कंट्रोलर हा शत्रूला जखडून ठेवणारा वर्ग घेतला. पहिला संच ग्रॅव्हिटी कंट्रोल, दुसरा टाइम मॅनिप्युलेशन. ही जोडी म्हणजे अगदी नाद खुळा. वर्महोलनं गुंडांचा अख्खा घोळका उचलून दुसरीकडं टाकता येतो. प्रोपेल नावाच्या शक्तीत हवेतून एखादी अवजड वस्तू येऊन समोरच्यावर आदळते. पहिल्यांदा फोर्कलिफ्ट उडत गेली तेव्हा नववीतला भाचा खुर्चीवरून उठून ओरडला होता. डिस्टॉर्शन फील्ड जमिनीवर टाकलं की त्यातले शत्रू रेंगाळायला लागतात, आणि क्रोनो शिफ्ट वापरलं की आपले सोबती चपळ होतात. हे भौतिकशास्त्राला बऱ्यापैकी धरून आहे, म्हणून जास्त आवडलं. खोल खड्ड्यातल्याचं घड्याळ मागं, वरच्याचं पुढं. जीपीएस उपग्रहांची घड्याळं अशीच पृथ्वीवरच्या घड्याळांपेक्षा दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढं पळतात, आणि ते दुरुस्त केलं नाही तर नकाशा आपल्याला रंकाळ्यात नेऊन सोडेल. माझ्या नायकाचा नियम असा की शक्ती वापरली की त्याचं स्वतःचं आयुष्य हळू सरकतं. त्याची मुलगी आता त्याच्यापेक्षा वयानं मोठी आहे. म्हणून सुपर स्पीड ही प्रवासाची शक्ती मी त्याला कटाक्षानं दिली नाही. सगळे इकडून तिकडं पळत असतात आणि हा टेलिपोर्ट करतो.

पोशाखाचं म्हणाल तर पूर्ण काळा करून उपयोग नाही. रात्रीच्या रस्त्यावर नुसता डाग दिसतो. कृष्णविवर स्वतः दिसतच नसतं, दिसतो तो भोवतीचा तापलेला वायू. एप्रिल २०१९ मध्ये एम८७ दीर्घिकेतल्या कृष्णविवराचं पहिलं चित्र आलं होतं, ते नारिंगी कडं समोर ठेवून रंग निवडले. अंगभर काळा, खांद्यावर आणि कमरेला नारिंगी चकाकी, आणि शक्तींचेही रंग बदलून तसेच केले. शक्तींना हवा तो रंग देता येतो हे या गेमचं मोठं सुख आहे.

दुसरं पात्र मात्र माझं जास्त लाडकं. नारळीकरांच्याच 'उजव्या सोंडेचा गणपती' या कथेत माणूस आरशातल्यासारखा उलटा होतो. मी म्हटलं, हे खासबागेतल्या पैलवानाला झालं तर? हृदय उजवीकडं, डाव सगळे उलट्या बाजूनं, समोरच्याला अंदाजच येत नाही. इथपर्यंत सोपं आहे. पण नुसते अवयव उलटे होत नाहीत, रेणूही होतात. आपल्या हातांसारखं काही रेणूंनाही डावं-उजवं रूप असतं. आपल्या शरीरातली प्रथिनं डाव्या हाताच्या अमिनो आम्लांची आणि साखर उजव्या हाताची. उलट्या माणसाला आपल्या ताटातलं बहुतेक काही पचायचं नाही. पुदिन्यातल्या कार्व्होन या वासाच्या रेणूचा आरशातला जोडीदार शहाजिऱ्यात असतो, म्हणजे या गड्याला पुदिन्याची चटणी शहाजिऱ्यासारखी लागेल. फायदाही त्यातच आहे. आपले विषाणू त्याच्या पेशींना धरू शकणार नाहीत. हे मी भाच्याला सांगत होतो तर तो म्हणाला, "मामा, मग ह्यो उपाशी मरंल की! तांबडा-पांढरा बी नाही पचायचा?" नाही म्हटल्यावर त्यानंच तोड काढली. उलटा होताना पैलवानाच्या हातात आईनं दिलेला डबा होता, तोही उलटा झाला, आणि आता तो संपत आलाय. पात्राच्या परिचयाला गेममध्ये १०२३ अक्षरं मिळतात. त्यातली निम्मी मी त्या डब्यावर घालवली.

याच्यासाठी अंगावर जाऊन भिडणारा ब्रूट वर्ग, आणि स्ट्रीट जस्टिस व विलपॉवर हे दोन शक्तिसंच. शरीराचे तीन साचे आहेत, त्यातला 'ह्यूज' घेऊन छाती-दंडाच्या पट्ट्या सरकवत बसलं की तालमीतला गडी हुबेहूब उभा राहतो. लहान फटके मारून जोर साठवायचा आणि शेवटी अपरकट, अशी त्याची लढाईची पद्धत. घिस्सा, ढाक, कलाजंग यातलं काही नाही, ती हळहळ आहेच. लंगोटाच्या जवळपास जाणारं काहीतरी जमलं, पण फेट्यासारखा फेटा काही जमला नाही. कोल्हापुरी चप्पल तर विसराच. भाच्यानं त्यावरूनही दोन दिवस डोकं खाल्लं.

तिसरं पात्र यंत्रमानवांचं. मास्टरमाइंड वर्गात रोबॉटची फौज मिळते. पण विज्ञानकथाकार असिमॉव्हनं १९४२ मध्ये मांडलेला पहिला नियम, की रोबॉटनं माणसाला इजा करायची नाही, तो पाळायचा ठरवला तर गेम पुढं सरकत नाही. फौजेला 'पॅसिव्ह', म्हणजे हल्ला न करणारी, ठेवली की बिचारे नुसते उभे राहून मार खातात. शेवटी हा गडी फक्त माणसं नसलेल्या शत्रूंशीच लढतो, त्यामुळं त्याची बढती मुंगीच्या पावलानं चाललीय. गंमत आहे, पण चिकाटी असेल तरच करा.

एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. पडद्यावरचा किंवा कॉमिकमधला तयार नायक जसाच्या तसा बनवू नका. मार्व्हलनं नोव्हेंबर २००४ मध्ये याच कारणावरून क्रिप्टिक आणि एनसीसॉफ्टवर दावा लावला होता, तो डिसेंबर २००५ मध्ये मिटला. आजही नक्कल सापडली की पात्राचं नाव काढून भलतंच काहीतरी देतात. आणि खरं सांगायचं तर नकलेत मजा तरी काय? गेममधल्या अॅटलस पार्क या भागातल्या पुतळ्याखाली खेळाडू पोशाखाच्या स्पर्धा भरवतात. तिथं झगमगीत चिलखतवाले ढिगानं असतात, लोक थांबून परिचय वाचतात तो वेगळ्याचा. माझ्या पैलवानाला बक्षीस मिळालं नाही, पण एका परक्या खेळाडूनं खासगी निरोप पाठवून डब्यात काय होतं ते विचारलं. भाकरी आणि खर्डा हे त्याला समजावताना माझं इंग्रजी संपलं. नावांचंही तसंच. चांगली इंग्रजी नावं बहुतेक गेलेली असतात, मराठी नावं रोमन लिपीत टाकली की पहिल्या झटक्यात मिळतात.

चॅम्पियन्स ऑनलाइनही वापरून बघितला. तो २००९ चा, तोही मूळ क्रिप्टिकचाच. कुठलीही शक्ती कुठल्याही शक्तीशी जोडायची मोकळीक त्यात जास्त आहे, पण ती खरी मोकळीक पैसे मोजून मिळते. डीसी युनिव्हर्स ऑनलाइन हाताळायला चटपटीत, पण जग दुसऱ्याचं, डीसी कॉमिक्सचं. आपलं पात्र तिथं बड्या नायकांच्या हाताखाली उमेदवारी करत राहतं.

इथल्या तक्रारी नाहीत असं नाही. सर्व्हर बहुतेक उत्तर अमेरिकेत. कोल्हापुरातून बटण दाबल्यावर क्षणभरानं हात हलतो. रियुनियन हा युरोपातला सर्व्हर घेतला तर बरं पडतं, आणि आपल्या रात्रीच्या वेळेला तिथं संध्याकाळ असल्यामुळं माणसंही भेटतात. अमेरिकेतल्या गर्दीत खेळायचं तर सकाळी लवकर उठावं लागतं. जोराच्या पावसात आमच्याकडं लाईट गेली की सोबत्यांना लढाईच्या मध्यात सोडून गायब व्हायची वेळ येते, म्हणून राउटरला छोटा यूपीएस लावून घेतला. मधल्या पातळ्यांना कंटाळा येतो, तेव्हा सरळ नवीन पात्र बनवायला घ्यावं. माझं पन्नासाव्या, म्हणजे शेवटच्या पातळीला पोचलेलं पात्र एकच आहे, कृष्णविवर. पैलवान अजून तिशीत रेंगाळतोय, आणि भाच्यानं त्याच्यासाठी डबा बनवणारी आरशातली आई तयार करायला घेतलीय. ती डिफेंडर, म्हणजे सोबत्यांना सांभाळणारी, होणार की कंट्रोलर, यावर सध्या घरात वाद चालू आहे.