हात पोचत नाही तेव्हा काय घ्यावं: जेट की बिडे, खुर्ची की कट्टा, पावडर की पंचा?

माझं वजन १३४ किलो, उंची पाच फूट दोन. राहायला सदाशिव पेठेत, जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर, आणि आमचं बाथरूम चार फूट बाय सहा. हे आधीच सांगून टाकते, कारण खालचा सगळा हिशेब या मापांवर बसलेला आहे. तुमची मापं वेगळी असली तर तुमचा निर्णयही वेगळा होईल.

जाड माणूस घाणेरडा राहतो तो आळसामुळे, असं लोकांना वाटतं. मी दिवसातून दोनदा आंघोळ करते. आमच्या अडचणी दोन: हात पोचत नाही आणि ओल जात नाही. शौचानंतर मागून हात नेला तर दंड अडतो, पुढून नेला तर पोट आडवं येतं. पोटाखाली, छातीखाली, जांघेत कातडीवर कातडी बसलेली, तिथला घाम वाळायला वाराच लागत नाही. म्हणून वस्तू कुठलीही असो, घेण्याआधी मी एवढंच बघते: हिने माझा हात लांब होतो का, की अंग कोरडं होतं? दोन्ही नसेल तर ती नुसती सुगंधी असते.

संडासातली निवड

जेट स्प्रे बहुतेक घरांत असतोच, काहीशे रुपयांत येतो. तो वापरायची आमची रीत वेगळी. सीटवर चार बोटं मागे सरकायचं, एक गुडघा बाहेर काढायचा आणि जेट पुढून, मांड्यांमधून न्यायचा. बायकांनी धार पुढून मागे जाईल अशीच धरायची, उलटी नको, नाहीतर लघवीच्या मार्गात जंतू जातात. यात कमोडचा आकार फार महत्त्वाचा. गोल कमोडवर मांड्या बसल्या की हात शिरायला जागाच उरत नाही, लांबट कमोडवर पुढे थोडी फट राहते. कमोड बदलणारच असाल तर लांबट घ्या आणि जमिनीवर बसणारा घ्या. भिंतीला टांगलेला दिसतो छान, पण तो आतल्या लोखंडी फ्रेमच्या आणि भिंतीच्या भरवशावर असतो. जुन्या इमारतीतल्या चार इंची भिंतीवर मी तो भरवसा टाकणार नाही.

सीटखाली बसवायची बिना विजेची बिडे पट्टी दोन-चार हजारांत मिळते. खुंटी फिरवली की नळी बाहेर येते आणि खालून धार लागते, हात कुठेच न्यावा लागत नाही. ऐकताना वाटतं, संपला प्रश्न. मी हौसेनं बसवून घेतली आणि पहिल्याच दिवशी कळलं की माझी उजवी मांडी सीटच्या बाहेर येऊन नेमकी त्या खुंटीवर बसते. मांडी उचलायची, खुंटी चाचपायची, तोवर धार भलतीकडेच. शिवाय डिसेंबरातल्या पुण्याच्या सकाळी ते पाणी असं लागतं की सगळी बिल्डिंग जागी व्हावी. तुमची मांडी सीटच्या आत राहत असेल तर मात्र ही पट्टी उत्तम. दुकानात जाण्याआधी घरच्या कमोडवर बसून उजवीकडे टेप लावून बघा, किती इंच बाहेर येता ते.

विजेची बिडे सीट पंधरा-वीस हजारांच्या पुढे जाते. कोमट पाणी, नळी मागेपुढे सरकवायची सोय, काहींत गरम हवेनं वाळवणं. घ्यायचीच तर रिमोटवाली घ्या. बाजूला बटणांची पट्टी असलेल्या सीटला माझ्या मांडीचीच अडचण येते. सीटवर किती किलो चालतात ते खोक्यावर वाचल्याशिवाय पैसे देऊ नका, आणि कमोडजवळ अर्थिंगसह प्लग पॉइंट आहे का तेही बघा. पाण्याचं म्हणाल तर टाकीच्या लगेच खालच्या मजल्यावर राहणाऱ्यांना दाब पुरत नाही. वाघोली-उंड्रीकडे टँकरवर जगणाऱ्यांना बोअरच्या जड पाण्यातल्या क्षारानं नळीची भोकं बुजण्याचा त्रास होईल, ती व्हिनेगरनं साफ करत राहावं लागेल.

आणि सगळ्यात स्वस्त म्हणजे लांब दांडी. एक फूटभर वाकडी दांडी, टोकाला टिश्यू किंवा कापड पकडायची खाच. आपण पाण्यानं धुणारी माणसं, त्यामुळे हिची टर उडवतो. पण धुऊन झाल्यावर तिथलं पाणी टिपणार कोण? मी जेट आणि दांडी अशी जोडी वापरते. दांडी मिळेपर्यंत टोकांना रबर असलेला लांब चिमटा चालवला होता. (स्वयंपाकघरातला उचलू नका, वेगळा आणा, आणि घरच्यांना तसं सांगून ठेवा.) पैसे असतील तर रिमोटवाली सीट, नसतील तर ही जोडी. बिना विजेची पट्टी टेपचं माप जुळलं तरच.

आंघोळ: खुर्ची की कट्टा

प्लॅस्टिकच्या स्टुलाबद्दल एकच गोष्ट. माझ्या स्टुलाचा एक पाय साबणाच्या पाण्यात फाकला, मी भिंतीला घासत खाली आले आणि उठवायला दोन शेजारी लागले, तेही मी गाऊन अंगावर ओढून घेतल्यावर. मोल्डेड स्टूल नकोच.

शॉवर खुर्ची ॲल्युमिनियमची असते, उंची कमीजास्त करता येते, भाड्याच्या घरातून उचलून नेता येते. पण साध्या मॉडेलांवर बरेचदा शंभर किलोच्या आसपासचीच मर्यादा असते, जास्त वजनाची मुद्दाम मागावी लागते. पुढे अर्धगोल खाच असलेली मिळाली तर सोडू नका, बसल्या बसल्या खालून हात जातो.

कट्टा म्हणजे विटांचं बांधकाम आणि वर कडप्पा. मी तो करून घेतला: अठरा इंच उंच, तीस इंच रुंद, कडा गोल. फरशी घोटलेली न घेता खरखरीत घेतली, साबणानं घसरू नये म्हणून. खाली पूर्ण वीटकाम हवं, नुसत्या दोन टेकूंवर कडप्पा टाकला तर मधोमध तडकतो. गवंडी विचारत होता, "ताई, एवढा रुंद कशाला?" मी म्हटलं, माझ्या मापाचा आहे. कट्ट्याची खोट अशी की त्याला खाच नाही. जांघेतलं धुवायला कडेवर सरकून एक पाय बाजूला टाकावा लागतो, आणि त्यासाठी भिंतीत धरायला दांडा हवाच. तो विटांच्या जाड भिंतीत, अँकर बोल्टनं. रबरी वाटीनं चिकटणारे दांडे आमच्यासाठी नाहीत. दांडे-बोल्ट मी बोहरी आळीतून आणले. तिथे वजन सांगायला लाजू नका, दुकानदार रोज लोखंडच तोलतात.

घर स्वतःचं असेल तर कट्टा, भाड्याचं असेल तर खुर्ची. दोन्हींबरोबर बटणानं बंद-चालू होणारा हँड शॉवर घ्या. बादली-तांब्याच हवा असेल तर बादली दुसऱ्या छोट्या कट्ट्यावर ठेवा, म्हणजे वाकणं वाचतं.

कोरडं करणं

इथे सगळे पावडरीकडे धावतात. कातडीच्या ओल्या घडीत पावडर टाकली की तिचे पिठासारखे गोळे होतात आणि तेच काचतात. पावडर पूर्ण कोरड्या अंगावर आणि पातळ, नाहीतर नाहीच. टर्किश टॉवेल जाड असतो, घडीच्या तळाशी जात नाही आणि जुलै-ऑगस्टात दोन दिवस वाळत नाही. माझा कौल पंच्याला. जुना धुऊन मऊ झालेला पंचा टिपायला वापरायचा, चोळायचा नाही. दुसऱ्या पंच्याच्या पट्ट्या कापून पोटाखाली आणि छातीखाली ठेवायच्या, ओल्या झाल्या की बदलायच्या. मी दिवसाला चार-पाच बदलते, कामावर जाताना पर्समध्ये दोन असतात. पावसाळ्यात पट्ट्या आणि आतले कपडे इस्त्री करून पुरते वाळवते. बेडरूममध्ये येऊन, घडी हातानं उचलून, हेअर ड्रायर थंड हवेवर एक मिनिट. बाथरूममध्ये ड्रायर कधीच नाही. मांड्या घासतात तिथे व्हॅसलीन किंवा झिंक ऑक्साइडचं मलम बरं, पण ओलं राहतं तिथे व्हॅसलीन थापू नका. हळद, कडुलिंब, डेटॉल हे सोललेल्या कातडीवर नको.

खाज सुटलीच तर: मेडिकल की स्किनवाले डॉक्टर

लाल चट्टा, कडेला बारीक पुटकुळ्या, आंबूस वास: बहुतेक वेळा ही बुरशी असते. एका मेडिकलवाल्यानं मला न विचारताच "तीन औषधं एकत्र" असलेली ट्यूब दिली. दोन दिवसांत खाज गायब, पंधरवड्यात चट्टा दुप्पट, कातडी कागदासारखी पातळ. त्यात स्टिरॉइड होतं. ते खाज दाबतं आणि आतून बुरशीला मोकळं रान देतं. नुसतं क्लोट्रिमॅझोल सुरुवातीला चालतं, पण पुन्हा पुन्हा होत असेल तर डॉक्टर गाठा. खासगीत वेळ वाचतो. सरकारी ससून रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात केस पेपर काढला की पैसे वाचतात, फक्त सकाळी रांगेत उभं राहायची तयारी हवी. घडी कुणाला दाखवायची लाज मलाही वाटली होती. डॉक्टरीणबाईंनी हातमोजा चढवला, पोट उचललं, बघितलं आणि लिहायला बसल्या, अर्ध्या मिनिटाचं काम.

त्यांनी विचारलेला एक प्रश्न तुम्हीही स्वतःला विचारा: शुगरची कुठली गोळी चालू आहे? डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या साखर लघवीवाटे बाहेर टाकतात, त्यामुळे लघवीच्या जागी बुरशी धरायची शक्यता वाढते. गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही, पण शुगरवाल्या डॉक्टरांना हे सांगायचंच. शुगर कधी तपासलीच नसेल तर वारंवार होणारी बुरशी हे तपासायला पुरेसं कारण आहे. जागा गरम लागते, लाली पसरत चालली आहे, ताप आहे, तर मलम-बिलम नाही, त्याच दिवशी दवाखाना.

बाहेरगावचं राहिलं. नातेवाइकांकडे अजून बऱ्याच ठिकाणी भारतीय बैठकच असते, आणि मला तिथून उठता येत नाही. घडीच्या कमोड खुर्च्या मिळतात, पण वजनाची तीच बोंब, आणि एसटीत ती घेऊन कोण चढणार? मी लांब तोंडाची पाण्याची बाटली, दांडी आणि सहा पट्ट्या एका पिशवीत ठेवते, आणि निघण्याआधी यजमानांना सरळ फोन करून विचारते, "तुमच्याकडे कमोड आहे ना?" गेल्या महिन्यात साताऱ्याच्या मावशीनं उलट विचारलं, "तुझी ती दांडी कुठे मिळते गं?"